येतो म्हणजे जातो

गडदे सरांचा विषय बंद करावा, हा प्रस्ताव मीच मांडला होता. विभागात आजही सगळ्यांचा समज आहे की तो वरून आला. 'वरून आलं' म्हटलं की आमच्याकडे पुढे कुणी विचारत नाही. वर म्हणजे नेमकं कुठे, एवढंही नाही. मीही तो समज तसाच राहू दिला. आता सर निवृत्त होऊन माणदेशातल्या आपल्या वाडीवर जाऊन राहिलेत. माझ्याही कानशिलांवर पांढरं दिसायला लागलंय. तेव्हा एकदाचं लिहून टाकतो. हे वाचल्यावर सर पहिल्यांदा काय म्हणतील, तेही मला ठाऊक आहे. "कशावरून?" म्हणतील. "तूच मांडलास कशावरून? पुरावा दाव."

'कशावरून' हा शब्द सरांच्या तोंडात इतका असे की पहिल्या वर्षाची मुलं त्यांना कशावरून सर म्हणत. अंगानं काटक, रंगानं रापलेले, शर्ट कायम बाहेर. खिशाला पेन नसे, खडू असे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा पांढरट. सांगलीच्या मंडईत ते भाजी घ्यायला गेले की मी मुद्दाम मागेमागे जात असे.

"काकडी कडू न्हाई न्हवं?"

"न्हाई सायेब. साखर हाय साखर."

"सगळी?"

"सगळी."

"येक जरी कडू निगाली तर तू खोटी. कबूल?"

भाजीवाली टोपली मागे ओढायची. "आवं सायेब, काकडी न्यायची हाय का मला कोर्टात न्यायचीय?"

सर ह्यावर इतके खूश व्हायचे की दुप्पट काकडी घेऊन घरी यायचे, आणि त्यातली कडू कोणती ते शोधण्यासाठी सगळ्या चाखून ठेवायचे. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो कारण त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत, त्या काकड्यांची कोशिंबीर कुणाला वाढावी ह्या पेचात पडत.

सरांचा विषय 'फॉर्मल मेथड्स'. मुलं त्याला एफेम म्हणत आणि तासाला 'गडद्यांचं रेडिओ स्टेशन'. विषय सांगायला सोपा आहे. एखादा प्रोग्रॅम दहा वेळा चालवून 'बरोबर चालतोय की' असं म्हणणं ही झाली आपली सगळ्यांची रीत. तो कधीच, कुठल्याही परिस्थितीत चुकू शकत नाही, हे गणितासारखं सिद्ध करून दाखवणं ही सरांची. त्यासाठी आधी प्रोग्रॅमनं नेमकं काय करायचं ते एकही फट न ठेवता लिहावं लागतं. तिथंच सगळ्यांची दांडी उडते.

मी विद्यार्थी असताना त्यांनी पहिल्याच तासाला मला उठवलं होतं.

"कुटला रं तू?"

"रहिमतपूरचा, सर."

"तुमच्याकडं परवा म्हंजे कवा?"

"कालच्या आधीचा दिवस, सर."

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, उद्याच्या नंतरचा."

सरांनी फळ्यावर दोन्ही लिहिलं आणि मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "आता ह्या भाषेत तुमी संगनकाला सांगनार, परवा धरनाचं दार उघड. त्यो गुनी हाय, उघडल. पन खालच्या गावांनी पळायचं कवा, तेवडं तरी ठरवा."

माझं उभं आयुष्य ह्या एका तासानं ठरवलं, असं मी भाषणांतून सांगत आलो. ते पूर्ण खरं नाही. तास संपल्यावर मला कळलं एवढंच होतं की हा माणूस धोकादायक आहे.

दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत त्यांनी पीएच.डी. केली, मग परदेशात काही वर्षं काढली. तिथं एका रेल्वेच्या सिग्नलांवर काम करून त्यांनी सिद्ध केलं होतं की दोन गाड्या एकाच वेळी एका रुळावर येऊच शकत नाहीत. त्या कामावर लिहिलेला निबंध जगभर वाचला गेला. गावाकडच्या माणसांना हे समजावताना मात्र ते म्हणत, "तितं लय कष्ट पडले. आपल्या वाडीला मातुर आपोआप सिद्ध हाय. आपल्याकडं रूळच न्हाई."

एवढं सोडून ते सांगलीत का परतले? मला त्यांनी सांगितलं की तिकडच्या चहाला दम नव्हता. माझ्या एका सहकाऱ्याला सांगितलं की आईला करमेना. तिसऱ्याला सांगितलं की तिथल्या थंडीत खडू नीट उमटत नाही. आम्ही तिघं एकदा समोरासमोर बसलो तेव्हा लबाडी उघडी पडली, आणि तिघंही तावातावानं त्यांच्याकडे गेलो.

"सर, ह्यातलं खरं कुठलं?"

"तिन्ही."

"तिन्ही कशी खरी असतील?"

"तिन्ही खोटी असतील ह्येला पुरावा आन, मग बोलू."

निबंधाला बक्षीस मिळालं तेव्हा वाडीनं सत्कार ठेवला. मीही गेलो होतो. वक्त्यांनी जोर लावला. मेंढरं राखता राखता, मेंढरं मोजता मोजता ह्या धनगराच्या पोराच्या डोक्यात गणित कसं शिरलं, ह्याचं त्यांनी असं वर्णन केलं की समोरच्या बायका डोळ्याला पदर लावायला लागल्या. सर बोलायला उठले. "आमच्या बानं जल्मात मेंढरं मोजली न्हाईत," ते म्हणाले. "मोजली की कमी व्हत्यात म्हनायचा. मला गनित शिकवलं ते मास्तरनं, आनि ते बी छडीनं." पदर खाली आले. मागून एक म्हातारा ओरडला, "खरं बोलतंय बिरू! ह्येचा बा लय भ्यायचा मोजायला!"

सरांना तर्कात हरवणारं माणूस एकच, बाई. मी एकदा त्यांच्या घरी गेलो असताना सर वहाणा घालून बाहेर निघाले होते. आतून बाईंचा आवाज आला, "आवं, येऊन जेवनार का जेवून येनार?"

सर उंबऱ्यातच थांबले. एक पाय आत, एक बाहेर. "ह्यात अजून दोन शक्यता हायत," ते म्हणाले. "येऊन बी जेवनार न्हाई, आनि जेवून बी..."

"तुमचं ठरलं की कळवा," बाई म्हणाल्या, पर्स उचलून बाहेर आल्या, दाराला कुलूप लावून शाळेत निघून गेल्या. त्या दुपारी सरांनी माझ्या डब्यातली अर्धी भाकरी खाल्ली. खाता खाता म्हणाले, "बगितलंस? येका फटक्यात सगळ्या शक्यता बंद. ह्येला म्हनत्यात सिद्धता."

आणि ती कोयनेकडून आलेली हालचाल. आमच्याकडे अधूनमधून जमीन हलते, त्याची सवय असते. पण त्या दिवशी जरा जास्तच हलली. पंखे डुलायला लागले, मुलं दप्तरं टाकून मैदानात पळाली, आणि कॉरिडॉरमधून मीही पळालो. मी तेव्हा नवा नवा प्राध्यापक झालो होतो आणि माझा वर्ग माझ्या मागे होता, हे सांगायला हवं. पुन्हा सगळे आत आले तेव्हा सर फळ्यापाशीच होते. उरलेल्या तीन ओळी त्यांनी लिहून पूर्ण केल्या होत्या. "बसा," ते म्हणाले. "वर्ग हालला. पुरावा न्हाई हालला."

मला त्यांचा अभिमान होता. आणि मला त्यांच्या प्रयोगशाळेची खोलीही हवी होती.

कारण तोवर दिवस बदलले होते. मी विभागप्रमुख झालो होतो आणि माझा विषय होता एआय. मुलं एआयसाठी रांगा लावत, आणि सरांच्या वर्गात पुढचा बाकही भरत नसे. त्यांची प्रयोगशाळा दक्षिणेला होती, ऐसपैस. तिथं माझी नवी यंत्रं मावली असती. मी कागद तयार केला, 'विद्यार्थिसंख्येअभावी' हा शब्द घातला आणि वर पाठवला. म्हणजे मी पाठवला म्हणून तो वर गेला आणि वर गेला म्हणून तो वरून आला. ही वाट सर एका मिनिटात फळ्यावर काढून दाखवू शकले असते.

सर माझ्या केबिनमध्ये आले. चारचौघांत ते मला 'मानेसाहेब' म्हणत, एकटे असलो की 'संज्या'.

"संज्या, विषय बंद व्हतोय म्हनं."

"वरून आलंय, सर."

त्यांनी वर छताकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या तरुनपनी एआय म्हंजे तर्कच व्हता रं. घर आमचं. तुमी मागनं भाड्यानं आला. आता घरमालकालाच भाईर काडताय." आणि हसले. "असू दे. विषय बंद करू नका. नाव बदलू."

नव्या वर्षाच्या यादीत विषयाचं नाव आलं, 'विश्वासार्ह एआय'. अभ्यासक्रमात एकही ओळ बदलली नव्हती. वर्ग तुडुंब भरला, मुलं खिडकीत बसली. सरांनी खडू काढला आणि खरं-खोट्याचं कोष्टक लिहायला घेतलं. दुसऱ्या आठवड्यात तासगावकडची अमृता कांबळे उठली. ही मुलगी समोरच्याला घाबरायला शिकलेलीच नव्हती.

"सर, एआय कधी येणार?"

"परवा," सर म्हणाले आणि पुन्हा फळ्याकडे वळले.

वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातून मी पाहायला आलो. पण हसणं वेगळं आणि गुण वेगळे. काही मुलांनी तक्रार केली, नावात एआय आहे आणि आत नाही. तक्रार संस्थेच्या अध्यक्षांकडे गेली. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांचा साखर कारखानाही आहे. त्यांनी सरांना आणि मला बोलावलं.

"गडदे सर, पोरं म्हनत्यात पाटी येक आनि माल येक."

"आण्णा, तुमच्या कारखान्यावर बी साखरंची पाटी हाय. आत बगितलं तर चिपाडंच जास्त."

आण्णा आधी दचकले आणि मग पोट धरून हसले. मी हसलो नाही. मी मुद्द्यावर आलो. विभागाला विषयाचा उपयोग दिसत नाही, म्हणालो. सर माझ्याकडे वळले.

"मानेसाहेबांनी पाटकरी बनवलाय न्हवं?"

बनवला होता. कृष्णाकाठच्या एका गावच्या पाणीपुरवठा संस्थेसाठी आम्ही फोनवर बोलणारा एआय तयार करत होतो. शेतात पाणी कुणाला कधी सोडायचं, ह्या पाळ्या सांभाळणारा माणूस म्हणजे पाटकरी. तेच काम हे यंत्र करणार होतं, आणि तेही आपली बोली ओळखून. लवकरच संस्थेची मंडळी ते पाहायला येणार होती.

"त्यो माझ्या पोरांना तपासाय द्या," सर म्हणाले. "आमच्या रीतीनं येक चूक सापडली तर विषय ठेवा. न्हाई सापडली तर मी गप बसतो."

"कबूल," आण्णा म्हणाले. त्यांना पैजा आवडतात.

आता इथून पुढचं मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. तपासणी चालू असताना सर परीक्षेच्या कामासाठी आठवडाभर साताऱ्याला गेले होते. त्या आठवड्यात अमृता माझ्या केबिनमध्ये आली. डोळे चमकत होते. "सर, सापडली! दोन शेतकऱ्यांनी एकाच क्षणी फोन केला तर पाटकरी दोघांनाही तीच पाळी देतोय. नुसतं चालवून बघितलं असतं तर कधी दिसलं नसतं, पण पुराव्यात अडकलं."

मी पाहिलं. बरोबर होतं. आमच्या भागात एका पाळीवर दोन माणसं म्हणजे बांधावर खोरी निघतात. "छान," मी म्हणालो. "मी लगेच दुरुस्त करून घेतो. सरांना मीच सांगतो."

दुरुस्त केलं. सांगितलं नाही. सर साताऱ्याहून आले तेव्हा अमृतानं दुरुस्त केलेल्या पाटकऱ्यावर पुरावा पुन्हा चालवला, तो बिनचूक उतरला, आणि तिनं सरांना तसं कळवलं. आधीचं मी सांगितलं असणार, हे ती धरून चालली होती. विभागप्रमुख खोटं कशाला बोलेल?

एवढ्यावर मी थांबलो नाही. सर पाटकऱ्याला 'परवा'मध्ये पकडणार ह्याची मला खात्री होती, म्हणून 'परवा' ऐकलं की उलट विचारायचं, असं त्याला आधीच पढवून ठेवलं.

तो दिवस आला. सभागृहात आण्णा, पाणीसंस्थेचे चेअरमन पाटील, चारदोन अधिकारी. विद्यार्थी नव्हते. मी पाटकऱ्याचा आवाज मोठ्या कर्ण्यावर जोडला. मागितलं ते सगळं त्यानं चोख केलं. पाटील तर खुर्चीच्या काठावर आले. मग आण्णा म्हणाले, "गडदे सर, बोला की तुमी बी."

सर पुढे येऊन फोनपाशी बसले. "नमस्कार, पाटकरी. आमचं पानी कवा हाय?"

"आपली पाळी गुरुवारी सकाळी आहे."

"म्हंजे परवा?"

"परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, की उद्याच्या नंतरचा?"

टाळ्या पडल्या. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पढवलंस व्हय रं," हळूच म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरा आनंद होता. शिष्यानं धडा लक्षात ठेवल्याचा. तो आनंद मला फार टोचला. मग ते फोनकडे वळले. "बरं. झालं काम. येतो मी."

"आपण येणार आहात. आपली भेट नोंदवली आहे. किती वाजता येणार?"

"न्हाई रं, येत न्हाई मी."

"आपली भेट रद्द केली आहे. आणखी काही मदत हवी आहे का?"

"न्हाई, काय नगं. येतो."

"आपली भेट नोंदवली आहे. किती वाजता येणार?"

आण्णांच्या हातातला चहा बशीत सांडला. पाटील उठून फोनपाशी आले आणि यंत्राला समजावायला लागले, "आरं, मास्तर चाललेत घराकडं! येतो म्हंजे जातो!"

"आपण येऊन जाणार आहात. किती वाजता येणार?"

"सर, सरळ जातो म्हना की," आण्णा डोळे पुसत म्हणाले. "सुटाल तरी."

"जातो कसं म्हनू आण्णा? चांगल्या घरातनं उठताना कुनी जातो म्हनतं का?" सर शांतपणे म्हणाले आणि पुन्हा फोनकडे झुकले. "येतो हां मग."

शेवटी मी तार काढली.

हसू ओसरायला वेळ लागला. आण्णा उठले. "गडदे सर, चूक सापडली. पैज जिंकली तुमी. विषय राहिला."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे सांगितलं पाहिजे. माझी लबाडी फुकट गेली होती आणि सरांचा विषय वाचला होता. पण सर खुर्चीतून उठले नाहीत.

"पैज आमच्या रीतीनं चूक काडायची व्हती," ते म्हणाले. "ही चूक रीतीनं न्हाई सापडली. परवाच्या दिवशी घरी पावनं आलं व्हतं. उठले, येतो म्हनले. बाई म्हनल्या, या. जानाऱ्या मानसाला आपन 'या' म्हनतो! मी तितंच उंबऱ्यात खाली बसलो. ह्ये काय मी लिवून ठेवलं नव्हतं, मग पुराव्यात कुटनं येनार? पोरांनी माझ्या रीतीनं म्हयनाभर तपासलं. रीत म्हनाली, पाटकरी बरोबर हाय."

"म्हंजे रीतीचा उपेग न्हाई?" आण्णांनी विचारलं.

"ह्या यंत्रापुरता तरी दिसला न्हाई. जे दिसलं न्हाई ते हाय म्हनून कसं सांगू?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी विभागप्रमुख, बोलणं माझं होतं. रीतीनं सापडलं होतं, आण्णा, दोघांना एक पाळी मिळत होती, अमृतानं काढलं, मी लपवलं. चार वाक्यं. ती सांगायची सोडून मी टेबलावरची तार गुंडाळत बसलो. ती गुंडाळून झाली तेव्हा पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

विषय बंद झाला. सरांनी खोलीची किल्ली स्वतः आणून दिली आणि वर मलाच धीर दिला. "वरून आलं, तू तरी काय करनार?" ते म्हणाले. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

निवृत्तीला एक सत्र उरलं होतं आणि शिकवायला काही नव्हतं. एखाद्यानं घरी बसून पगार घेतला असता. सर माझ्या एआयच्या तासाला येऊन शेवटच्या बाकावर बसायला लागले. पहिल्या दिवशी दारात उभे राहून त्यांनी मुलांसारखं विचारलं, "आत येऊ का, सर?" वर्ग खदखदला. मी 'या' म्हणालो आणि त्यांनी 'या म्हंजे आत की भाईर?' असं विचारून पुन्हा हशा घेतला. मग रोज येत. शेजारच्या मुलाच्या डब्यातले शेंगदाणे खात. हजेरीला आपलंही नाव घ्यावं असा हट्ट धरत. आणि तासातून एकदा तरी त्यांचा हात वर जाई. मॉडेल बहुतेक वेळा बरोबर असतं, असं मी म्हटलं की 'बहुतेक' ह्या शब्दावर ते मला उभं चिरत. मुलांना ही लढाई फार आवडे. माझ्या तासाला आता उभं राहायला जागा नसे, आणि ती गर्दी कुणासाठी असे ते मला कळत होतं.

मी मात्र त्या सबंध सत्रात त्यांच्या नजरेला नजर देऊन एकदाही शिकवलं नाही. मी फळ्याशी बोलत असे.

शेवटच्या तासाला मी पाटकऱ्याचंच उदाहरण घेतलं. का घेतलं, ते मला नीट सांगता येणार नाही. हजारो संभाषणं दाखवून त्याला कसं शिकवलं, 'येतो' कसं सुधारलं, हे सगळं रंगवून सांगितलं. "अशी भरपूर उदाहरणं दिली," मी म्हणालो, "की चुका आपोआप वर येतात."

मागं सरांचा हात उठायला लागला. पण त्याआधी पुढच्या बाकावरून अमृता उभी राहिली.

"सर, एक विचारू? दोघांना एकच पाळी मिळत होती, ती चूक आम्हाला पुराव्यात सापडली होती. तुम्ही दुरुस्त केली ती. ती नुसत्या उदाहरणांनी वर आली असती का?"

तिच्या चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. तिला सगळं ठाऊक असेल, किंवा खरंच फक्त शंका असेल. वर्ग माझ्याकडे पाहत होता. सरांचा हात अर्ध्यावर थांबला होता. मग हळूहळू खाली आला. पहिल्यांदाच मी फळ्याकडे न वळता थेट मागं पाहिलं. सर अमृताकडे पाहत होते. मग माझ्याकडे.

"नाही," मी म्हणालो.

सरांनी हात कानामागे धरला आणि बाकावरून पुढे वाकले.

"मानेसाहेब, जरा मोट्यानं. मागं आयकू आलं न्हाई."

"नाही," मी म्हणालो. "नसती आली. ती फक्त सरांच्या रीतीनं सापडली. आणि मी ते कुणाला सांगितलं नाही."

सरांनी शेजारच्या मुलाच्या डब्यातले दोन शेंगदाणे उचलले, तोंडात टाकले आणि चावता चावता, डोळे मिचकावत, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले,

"आजून येकदा सांगा, सर. हळूहळू. पोरं लिवून घ्येत्यात."